सबफ्रेम गुण्यात बसणं वेगळं अन चाकांचं अलाइनमेंट वेगळं, घरी जुनी गाडी उभी करत असाल तर आधी हे वाचा

गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की दर्यापूर असो की पुसद, सल्ला एकच मिळतो, "अमरावतीले नाहीतर नागपूरले ने अन अलाइनमेंट मारून आण." रोज चालणाऱ्या गाडीसाठी हे बरोबर आहे. पण ज्यांनी गोठ्यात कित्येक वर्षं उभी असलेली फियाट नाहीतर अँबेसडर पार सुटी केली, गंजलेला पत्रा कापला, पुढचा क्रॉसमेंबर म्हणा की सबफ्रेम म्हणा तो उतरवून घासून परत चढवला, त्यांच्यासाठी हा सल्ला अर्धाच आहे राजेहो, काहून की तिथं दोन वेगवेगळी कामं आहेत आणि मशीनवर त्यातलं एकच होतं.

पहिलं काम म्हणजे सबफ्रेम बॉडीखाली गुण्यात बसवणं. म्हणजे चाकं ज्याला लटकलेली आहेत तो सगळा सांगाडा गाडीच्या मधल्या रेषेशी काटकोनात आहे का, डावीउजवीकडं सरकला तर नाही ना, एका बाजूनं वर तर नाही ना. दुसरं काम चाकांचे कोन. टो म्हणजे चाकांची नाकं आत आहेत की बाहेर, कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकलंय की बाहेर, अन कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तो आस वरून मागं किती कललाय. पहिलं काम चाक कुठं उभं आहे ते ठरवतं, दुसरं ते कुठं तोंड करून आहे ते. आता घोळ असा होतो की चाक चुकीच्या जागी उभं असलं तरी त्याचं तोंड सरळ करता येतं. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) एका बाजूनं आत घेतला, दुसऱ्या बाजूनं बाहेर काढला, शिम (फट भरायच्या पत्र्याच्या पातळ चकत्या) घातल्या, मशीनवर सगळे आकडे हिरवे झाले, पैसे दिले अन घरी आलो. गाडी मात्र तिरपीच.

घर बांधताना गवंडी लाइनआउटला आधी दोन्ही कर्ण मोजतो, भिंती नंतर ओळंब्यात घेतो, इथंही क्रम तोच आहे.

तर कर्णाचं गणित पाहू, काहून की खरी माहिती तिथंच मिळते. फियाटचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या अन मागच्या चाकांमधलं अंतर, २३४० मिमी. हिशेबासाठी रुंदी १२०० धरा, म्हणजे कर्ण (एका बाजूच्या पुढच्या चाकापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या चाकापर्यंतचं तिरपं अंतर) साधारण २६३० मिमी येतो. समजा पुढचा सबफ्रेम थोडा फिरून बसला, डावं चाक ५ मिमी पुढं अन उजवं ५ मिमी मागं, तर दोन कर्णांत जवळपास ९ मिमीचा फरक दिसेल आणि डावा-उजवा व्हीलबेस पण १० मिमीनं वेगळा येईल. पण सबफ्रेम न फिरता नुसता ५ मिमी बाजूला सरकला असेल तर कर्णांत साडेचार मिमीच्या आसपास फरक येतो अन व्हीलबेस मात्र दोन्हीकडं सारखाच. म्हणजे नुसता व्हीलबेस मोजून "सारखा आहे" म्हणून सुटका होत नाही, अन नुसते कर्ण मोजले तर फिरला की सरकला ते कळत नाही, दोन्ही मोजायलाच लागतं. पुढचा अन मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो म्हणून काही जण कर्ण मोजायचं सोडून देतात, त्याची गरज नाही, गाडी मधल्या रेषेच्या दोन्हीकडं सारखी असली की ट्रॅक वेगळा असूनही कर्ण सारखेच येतात.

मोजायचं कसं, तर गाडीखाली लोळून टेप ओढू नका, टेप मध्येच झोळ घेतो, एक्झॉस्टला अडतो. सस्पेन्शनचे बोल्ट, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे आय बोल्ट, बॉडीच्या रेलवर (खालच्या लांब पोकळ पट्ट्यांवर) कंपनीनं पाडलेली जोडीची भोकं, अशा पक्क्या जागांवरून ओळंबा सोडा, खाली फरशीवर खडूनं खूण करा अन मोजमाप खुणांचं घ्या. मागच्या दोन खुणांचा मध्य, पुढच्या रेलवरच्या भोकांचा मध्य, त्यातून सूत मारा, ती झाली मधली रेषा. मग सबफ्रेमचे दोन्हीकडचे बोल्ट त्या रेषेपासून किती दूर ते पाहा. दोन्हीकडचा फरक ३ मिमीच्या आत आला तर मी पुढं जातो, त्याच्या वर असला तर थांबतो.

आता आपल्याकडची एक खास अडचण. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते अन पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर टाकलेली शेडची फरशी पण तिच्यासोबत वर-खाली होते. मार्चमध्ये लेव्हल काढली अन ऑगस्टमध्ये सस्पेन्शन जोडायला बसलो तर ती लेव्हल आता खरी धरू नका. म्हणून ज्या दिवशी मोजायचं त्याच दिवशी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालची जागा तपासा अन कमी पडेल तिथं प्लायचे नाहीतर पत्र्याचे तुकडे टाका. अन उंचीची मापं फरशीपासून घेण्यापेक्षा पाण्याच्या पातळीपासून घ्या. दुपारच्या ४५ डिग्रीत टायरची हवा पण चढलेली असते, म्हणून हवा सकाळी थंड टायरमध्ये सारखी करून घ्या, नाहीतर उंचीचं माप फसवतं.

सबफ्रेम तिरपा बसतो कशामुळं? एक तर बोल्टच्या भोकात बोल्टपेक्षा जास्त जागा असते, त्यात वर्षानुवर्षं हलून भोकं लांबट झालेली. नुसता बोल्ट कसला म्हणून सबफ्रेम जागेवर आला असं होत नाही, कसताना तो त्या मोकळ्या जागेत कुठंही सरकतो. समोरासमोरच्या दोन भोकांत घट्ट बसणाऱ्या टेपर पिन ठोका, मोजा, मग बाकीचे बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून कसा. भोक फारच लांबट असलं तर वेल्डिंगनं भरून मोजलेल्या जागी नवीन पाडा. दुसरं कारण वेल्डिंग. रेलचा गंजलेला तुकडा बदलताना वेल्डर एका दमात पूर्ण शिवण मारतो, तापलेला पत्रा थंड होताना ओढून घेतो अन रेल हलते. त्याला आधी फक्त टाके मारायला लावा, सबफ्रेम चढवून कर्ण मोजा, मग थोडं इकडं थोडं तिकडं असं करत शिवण पूर्ण करू द्या. वेल्डर कुरकुर करतो, करू द्या, तुमची गाडी आहे.

सबफ्रेम एका बाजूनं वर बसला तर वेगळाच त्रास, गाडी उभ्या उभ्याच एका कोपऱ्यात दबलेली दिसते आणि माणूस स्प्रिंगवर स्प्रिंग बदलत बसतो. अँबेसडरला पुढं टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत, तिथं तर लोक बार फिरवून उंची सारखी करून टाकतात, वरून छान दिसते, खाली वजन मात्र एका चाकावर जास्त.

जीपवाल्यांसाठी थोडक्यात. विलीज किंवा जुन्या महिंद्राला सबफ्रेम नाही, लॅडर चेसिस (शिडीसारखा सांगाडा) आहे अन दोन्ही ॲक्सल सलग, पाट्यांवर. तिथं चेसिसचेच कर्ण मोजा, अन मग ॲक्सल पाट्यांवर नीट बसलाय का ते. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला नाहीतर ॲक्सल पाट्यांना धरणारे यू बोल्ट ढिले झाले की ॲक्सल एका बाजूनं मागं सरकतो, आणि हे फियाट-अँबेसडरच्या मागच्या ॲक्सललाही तंतोतंत लागू आहे. खडीच्या रस्त्यावर कापसाचे बोजे वाहिलेल्या गाडीत हे पहिल्यांदा पाहा. जीपचा टो टाय रॉडनं होतो, कॅस्टर पाटा अन ॲक्सलमध्ये तिरपी पाचर घालून, कॅम्बर ॲक्सलमध्येच ठरलेला, त्याला हात लावायचं काम नाही.

गाडी चालती असेल तर दोन्हीतला फरक लक्षणांवरून पण ओळखता येतो. टायर एकाच कडेनं झिजलं तर बहुतेक कॅम्बर, टायरवरून हात फिरवताना एका दिशेनं गुळगुळीत अन उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो. कॅस्टर दोन्हीकडं वेगळा असला तर ज्या बाजूचा कमी त्या बाजूला गाडी ओढते. हे सगळे चाकांच्या कोनाचे आजार, हे मशीनवर बरे होतात. पण एका बाजूचं चाक फेंडरच्या कमानीत मधोमध अन दुसऱ्या बाजूचं पुढं सरकलेलं, टाय रॉडचे दिसणारे आटे एका बाजूला भरपूर अन दुसऱ्या बाजूला मोजके, एकीकडं शिमचा गठ्ठा अन दुसरीकडं एकही नाही, असं दिसलं की सबफ्रेमकडं वळा. सगळ्यात सोपी तपासणी पहिल्या पावसानंतर पांदण रस्त्यावर होते, ओल्या मातीत गाडी अगदी सरळ चालवा अन उतरून चाकोऱ्या पाहा. मागच्या चाकांच्या चाकोऱ्या पुढच्यांच्या मानानं एका बाजूला सरकलेल्या असतील तर गाडी तिरपी चालतेय, अन टो कितीही फिरवला तरी ते जाणार नाही.

सबफ्रेम बसला, मग सस्पेन्शन जोडताना एक गोष्ट लय जण चुकवतात. रबरी बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण कसायचे नाहीत. रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, गाडी थोडी उंच बसते अन बुश लवकर फाटतं. इंजिन, सीटा, डिझेल-पेट्रोल सगळं जागेवर असू द्या, पुढच्या सीटवर माणसाच्या वजनाला डीएपीची ५० किलोची पिशवी ठेवा (युरियाची आता ४५ किलोची येते, तीही चालते), गाडी दाबून हलवा, थोडी पुढंमागं ढकला, मग बोल्ट कसा.

यानंतरच कोन. घरी टो दोरीनं छान येतो, पण दोरी मधल्या रेषेला समांतर धरा, टायरला टेकवून नाही. रिमच्या पुढच्या अन मागच्या कडेचं दोरीपासून अंतर घ्या, गाडी अर्धा चाकफेरा पुढं ढकलून परत घ्या अन सरासरी काढा, म्हणजे वाकड्या रिमची चूक निघून जाते. अंदाजासाठी, ६०० मिमी व्यासाच्या टायरवर १ अंश म्हणजे साधारण साडेदहा मिमी. कॅम्बरला ओळंबा पुरतो, १४ इंची रिमवर वर-खाली ६ मिमी फरक म्हणजे जवळपास १ अंश. कॅस्टर थेट मोजता येत नाही, चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर घ्या, २० अंश आत वळवून घ्या, दोन्हीतला फरक गुणिले दीड, तेवढा कॅस्टर. चाकाखाली खताच्या दोन प्लॅस्टिक पिशव्या मध्ये ग्रीस लावून ठेवल्या की चाक अडखळत नाही.

एवढं झाल्यावर खुशाल शहरात जा, पण चारही चाकांना टार्गेट लावणाऱ्या थ्रीडी मशीनवर जा अन प्रिंट मागा. त्यात टो-कॅम्बर-कॅस्टरच्या खाली सेटबॅक अन थ्रस्ट अँगल असे दोन आकडे असतात, तिकडं सहसा कुणी पाहत नाही. सेटबॅक म्हणजे पुढचं एक चाक दुसऱ्याच्या किती मागं आहे ते, थ्रस्ट अँगल म्हणजे मागचा ॲक्सल गाडीला कुठं ढकलतोय ते. तुमच्या घरच्या कर्णाच्या कामाची तपासणी याच दोन आकड्यांत आहे. ते मोठे आले तर टो करू देऊ नका, गाडी तशीच परत आणा.

एक कागदपत्रांची गोष्ट पण. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा लागतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा सबफ्रेम कापून बसवण्याआधी विचार करा, मूळ भोकं मूळ जागी भरून काढणं जास्त वेळखाऊ आहे पण मला तेच पटतं.

अन पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट अन सबफ्रेमचे बोल्ट परत कसा, नवीन रंगावर अन नवीन बुशवर ते हमखास थोडे ढिले पडतात, कसून झाले की कर्ण एकदा परत मोजून वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा.