धबधबा ‘जमला नाही’ म्हणून अमूर्त?

प्रदर्शनात दूधसागरचं थोडं पुसट चित्र दिसलं की कुणीतरी हमखास म्हणतंच, “जमलं नाही, की अमूर्त म्हणायचं!” अमूर्त म्हणजे ओळखीचे आकार न दाखवणारं चित्र. हा समज जुना आहे, आणि चुकीचा.

वासुदेव गायतोंडे मूळ गोव्याचे. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेल्या या चित्रकाराने आधी माणसं रंगवली, अमूर्ताकडे तो नंतर वळला. म्हणजे हात बसलेला होताच.

आता धबधब्याचंच बघा. कॅमेऱ्याचा शटर झटकन मिटला तर थेंब हवेत गोठतात, उघडा राहिला तर पाण्याचं रेशीम होतं. यातलं खरं कुठलं? डोळ्याला दोन्ही तसंच्या तसं दिसत नाही. शिवाय पाणी पांढरं नसतंच. हवेचे बुडबुडे आणि तुषार प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणून ते दुधासारखं भासतं. अख्खी पांढरी ट्यूब पिळलीत तर कातळाला चुना फासल्यासारखं दिसेल. (मी फासलाय.)

जलरंगात पांढरा लावायचा नाही, कागद कोरा राखायचा. खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून वरून खाली ओढा: रंग उंचवट्यांवर बसतो, खळगे कोरे राहतात, तेच तुषार. सावलीतल्या पाण्यात निळसर करडा. समोरचा रेल्वेपूल मात्र कमानींसकट नेटका काढा. त्या एका ठाम रेषेमुळे मागचा सुमारे ३०० मीटरचा पांढरा गोंधळ पाणी म्हणून वाचता येतो.