रातपाळी आणि प्रकाशोपचार

रातपाळी करणाऱ्यांना दिवसा झोप न लागणे, लागलेली झोप चार-पाच तासांतच मोडणे आणि कामावर असताना पहाटे डोळे मिटू लागणे या तक्रारींवरचा एक उपचार म्हणजे प्रकाशोपचार. ठरावीक वेळी तेजस्वी प्रकाश घेणे आणि ठरावीक वेळी तो कटाक्षाने टाळणे, अशी त्याची दोन अंगे आहेत. चर्चा दिव्याची होते, पण इंदूरसारख्या कर्कवृत्ताजवळच्या, लख्ख उन्हाच्या शहरात खरी कसोटी लागते ती दुसऱ्या अंगाची.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस या पेशीसमूहात असते. त्याला दिवस-रात्रीची खबर डोळ्यांकडून मिळते, पण नेहमीच्या दृष्टिपेशींकडून ती थोडीच येते. दृष्टिपटलात मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही वेगळ्या पेशी असतात. त्या सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. प्रकाश पुरेसा असला की मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक दबते. माणसात हे घडवायला साधा खोलीतला दिवा तोकडा पडतो, २,५०० लक्सचा (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे माप) प्रकाश लागतो, असे अल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. खोलीतल्या दिव्यांचाही थोडाफार परिणाम होतो हे नंतर कळले. अंदाजासाठी : घरातला दिवाणखाना १०० ते ३०० लक्स, चांगले उजळलेले कारखान्याचे दालन ३०० ते ५००, आणि भर दुपारचे ऊन एक लाखाच्या घरात.

किती प्रकाश यापेक्षा केव्हा, हा प्रश्न मोठा. दिवसा जागणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्याआधी मिळालेला तेजस्वी प्रकाश घड्याळ मागे सारतो, म्हणजे झोपेची वेळ उशिरावर जाते. त्यानंतर मिळालेला प्रकाश ते उलट पुढे ओढतो. रातपाळीवाल्याला झोप सकाळवर न्यायची असते, म्हणून त्याने प्रकाश घ्यायचा तो मध्यरात्रीच्या आगेमागे. पाळी सुटल्यावर डोळ्यांवर पडणारे कोवळे ऊन मात्र रात्रभराची कमाई घालवून बसते. चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने १९९० मध्ये प्रयोगात सहभागींना रात्री ७,००० ते १२,००० लक्स प्रकाश आणि दिवसा घरी पूर्ण अंधार दिला. आठवडाभराच्या आत त्यांच्या तापमानाचा तळ पहाटेवरून दुपारी तीनच्या आसपास सरकला. साध्या उजेडात काम केलेल्यांचा होता तिथेच राहिला.

इंदुरात रातपाळी नवी नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार अशा कापडगिरण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोंग्यावर माणसे उठवली आणि झोपवली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. आज रातपाळीचा मोठा भार पीथमपूरची वाहन व औषधनिर्मितीची कारखानदारी आणि शहरातली रुग्णालये वाहतात. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या मराठी वस्तीच्या भागांतूनही माणसे कंपनीच्या बसने पीथमपूरला जातात. पीथमपूर शहराच्या नैर्ऋत्येला असल्याने सकाळी परतणारी बस राऊमार्गे ईशान्येकडे तोंड करून येते. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास त्याच अंगाला उगवतो, आणि ऊन पुढच्या काचेतून थेट तोंडावर येते. डिसेंबरअखेर सूर्योदय सातच्या पुढे जातो व ऊन उजव्या खिडक्यांतून शिरते. सहाला सुटलेला माणूस अंधारातच घर गाठू शकतो. एकच माणूस, एकच पाळी, तरी उन्हाळ्यातली झोप अधिक बिघडते यामागे नुसता उकाडा नसतो.

उपाय साधे आहेत. बसमध्ये डाव्या बाजूची मागची जागा, टोपी, गडद गॉगल. मात्र स्वतः दुचाकी चालवत येणाऱ्याने झोपेला आलेल्या अवस्थेत गडद चष्मा लावणे धोक्याचे. त्याने आधी सुरक्षित घरी पोचावे, घड्याळाचे नंतर पाहता येते. वाटेतल्या पोह्या-जलेबीच्या ठेल्याचे काय, हा इंदूरकराचा खरा प्रश्न. पोहे सोडा असे कोणी सांगून उपयोग नाही, पण गप्पा मारत अर्धा तास उन्हात उभे राहण्याऐवजी पुडी बांधून घेता येते.

घरी अंधार करणे त्याहून कठीण. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत जाड भिंतींआडचे माजघर दिवसाही काळोखे असे. फ्लॅटमधल्या मोठ्या खिडक्यांना दुहेरी, अपारदर्शक पडदा लागतो, नाहीतर डोळ्यांवर पट्टी. कूलरची घरघर बाहेरचे आवाज झाकायला बरी पडते, पण नेमकी झोप लागताना गाणे वाजवत दारात येणारी कचरागाडी तिलाही ऐकत नाही. रुग्णालयातून परतलेल्या परिचारिकेपुढे डबे, मुलांची शाळा आणि सासूबाईंचा चहा उभा असतो. तिचा उपचार पडद्याइतकाच घरातल्या माणसांवर अवलंबून आहे. घरच्यांनी सकाळ ही तिची रात्र आहे असे खरोखर मानल्याशिवाय दिवा आणून काही होत नाही.

पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळ पूर्ण उलटवण्याच्या भानगडीत पडू नये. ते सुरळीत बसेपर्यंत पाळी बदललेली असते. सलग रातपाळी करणाऱ्यांसाठी शार्मेन ईस्टमन यांच्या गटाने मधला मार्ग सुचवला : तापमानाचा तळ सकाळी दहाच्या सुमारास आणून ठेवायचा. कामाच्या दिवशी पाळीनंतर सकाळी साडेआठच्या पुढे झोपायचे आणि सुट्टीच्या दिवशी रात्री उशिरा, म्हणजे घरच्यांबरोबर दुपार-संध्याकाळ मिळते. त्यांच्या प्रयोगांत सलग प्रकाशाऐवजी रात्री तासाला पंधरा मिनिटांचे झोत दिले होते. यंत्रावर उभ्या असणाऱ्याला हेच जमण्याजोगे आहे. कामाआधी तास-दीड तासाची डुलकी आणि पाळीच्या पूर्वार्धातच चहा-कॉफी, ही जोड उपयोगी पडते.

दिवा घेताना बाजारातली जाहिरात पाहून फसू नये. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेले असते ते अगदी जवळच्या अंतराचे. थोडे मागे सरकले की आकडा झपाट्याने उतरतो. दिवा अतिनील किरण गाळणारा असावा, डोळ्यांच्या समोरून किंचित बाजूला ठेवावा, त्याच्याकडे टक लावू नये. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, मळमळ हे नेहमीचे त्रास. दृष्टिपटलाचा आजार असलेल्यांनी, प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि विशेषतः द्विध्रुवी (बायपोलर) विकाराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार सुरू करू नये; प्रकाशाने उन्माद उफाळण्याची भीती असते.

प्रयोगशाळेत हा उपचार ठळक परिणाम दाखवतो. प्रत्यक्ष कामगारांवरचे अभ्यास लहान आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यानेही पुरावा कमी दर्जाचा ठरवून ठाम निष्कर्ष टाळला. शिवाय झोप सुधारली म्हणजे रातपाळी निरुपद्रवी झाली असे नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ (२-अ) गटात घातले आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले.