मे महिन्यातलं डांबर, जुलैतला रपटा: कारचा टायर कसा निवडावा

कारच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार असतो आणि टायरमध्ये ३३ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा. भाराला दाबाने भागलं की टायर रस्त्याला नेमका किती टेकतो ते कळतं: जवळपास १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. ब्रेक, वळण, वेग, सगळं या चार तळहातांच्या भरवशावर. मे महिन्यात यवतमाळ-पांढरकवड्याकडे ते ६० अंशांवर तापलेल्या डांबरावर असतात आणि दोन महिन्यांनी पाण्याखालच्या रस्त्यावर. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कोरड्या रस्त्याला जास्तीत जास्त रबर टेकलेलं हवं. ओल्या रस्त्यावर पाणी निघून जायला खाचा हव्यात, आणि खाच जिथे आहे तिथे रबर नाही.

आधी उन्हाचं बघू. "उन्हानं टायर फुटला" असं आपण सर्रास म्हणतो, पण एकटं ऊन चांगला टायर फोडत नाही. चाक फिरताना टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. १५ इंची रिमच्या गाडीत १०० च्या वेगाला हे सेकंदाला १४ वेळा घडतं. दबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असेल किंवा भार जास्त असेल तर बाजू जास्त दबते आणि उष्णता वाढते. बाहेर ४५ अंश असताना ती लवकर बाहेर पडत नाही. शेवटी रबर आणि स्टीलच्या तारांचा पट्टा यांची पकड सुटते आणि टायर फाटतो. गावात हळू चालताना कमी हवा खपून जाते. तीच गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन समृद्धी महामार्गावर तासभर १२० ने धावली की खपत नाही.

म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही समजूत घातक आहे. सकाळी २७ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा टायर ७७ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ४१ होते. टायर बनवताना ही वाढ धरलेलीच असते. गरम टायरमधली हवा सोडून काटा पुन्हा ३३ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २६ दाखवेल, आणि फुटण्याची तयारी तिथूनच सुरू होते. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालण्याआधी तपासावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्यावा; पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे बहुधा वेगळा, जास्तीचा आकडा असतो. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, रोज भरायचा नाही. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो.

दुकानात टायरची बाजू वाचता आली पाहिजे. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. शेवटचं अक्षर ताशी कमाल वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. एवढ्या वेगाने जायचं नसतंच, पण जास्त वेगाचं अक्षर असलेला टायर जास्त उष्णता सोसतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी वेगाचं अक्षर किंवा भाराचा लहान आकडा कधीच घेऊ नये, दुकानदार कितीही स्वस्तात देत असला तरी. काही टायरवर तापमानाची ए, बी, सी अशी श्रेणीही असते. आपल्याकडे ए घ्यावी. चार आकडी तारीखही बघा. १४२५ म्हणजे २०२५ सालचा १४ वा आठवडा. लग्नकार्यापुरती बाहेर निघणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्यांना भेगा पाडतात. सहा वर्षांच्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावर लांबचा प्रवास करू नये.

आता पाऊस. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी असेल तर ८० च्या वेगाला १८५ च्या टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे सेकंदाला एक हंडा. ते सारलं गेलं नाही की टायर पाण्यावर चढतो; स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकचा उपयोग राहत नाही. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवरून, टायर कोणत्या वेगाला पाण्यावर चढतो याचं एक सूत्र मांडलं. त्यात हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. झिजून गोटा झालेल्या टायरला ते लावलं तर ३२ पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २४ पीएसआयला ८२. कमी हवा उन्हाळ्यात मारते तशी पावसाळ्यातही मारते.

नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, टायर वापरता येतो. पण तीन मिलिमीटर उरले की मृग लागायच्या आत बदलावा. खाचा पाणी काढतात, तरी पातळ ओला थर उरतोच. त्याच्यावर पकड रबराच्या मिश्रणाची असते. मिश्रणात काजळीऐवजी सिलिका (वाळूपासून बनणारी भुकटी) जास्त असलेलं रबर ओल्यावर जास्त धरतं, म्हणून विकत घेताना नक्षीच्या देखणेपणापेक्षा ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल आणि सिलिकाबद्दल विचारावं.

रुंद टायर आणि मोठ्या रिमचा मोह गावाकडे टाळावा. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/५५ आर १६ बसतो, चाकाचा व्यासही जवळपास तेवढाच राहतो. पण बाजूची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते आणि खड्ड्यात रिम व रस्त्यात सापडून टायर कापला जातो. शिवाय रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाका. बहुतेक जण पुढे टाकतात. पुढचे सरकले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बऱ्याचदा सावरते. मागचे सरकले तर गाडी गरकन फिरते.

आणि काळी माती. ओली झाली की तिची चिकण सगळ्या खाचा बुजवते आणि नवा टायरही क्षणात गोटा होतो. पांदणीवरून (शेताकडच्या कच्च्या वाटेवरून) डांबरी रस्त्याला लागल्यावर थांबा, काडीने खाचा मोकळ्या करा आणि रिमच्या आतल्या बाजूचा चिखल काढा. तो वाळून एका बाजूला चिकटला की ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग बिघडलं असं वाटतं. टायरच्या बाजूवरून हातही फिरवा: पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धसकटाने काप गेला असेल किंवा फुगवटा आला असेल, तर तिथे पंक्चरची पट्टी चालत नाही, टायर बदलावाच लागतो. रपट्यावरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर कोणताच टायर कामाचा नाही. फूटभर वाहतं पाणीही लहान कार उचलतं. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.