एकट्यानं राहणाऱ्या आमच्या डबा-ग्राहकांसाठी

नमस्कार.

बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ आणि टिळकवाडीत आमचे डबे जातात. घेणाऱ्यांत उद्यमबागच्या कारखान्यांतली पोरं आहेत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नर्स आहेत, आणि मुलं पुण्या-बेंगळूरला गेल्यावर मोठ्या घरात एकटे उरलेले काका-काकूही आहेत. परत आलेला डबा उघडला की जेवण कसं झालं ते आम्हाला कळतं. गेल्या पावसाळ्यात एका आजींचा डबा तीन दिवस जवळजवळ तसाच परत आला. भाजी जरा चाखलेली, चपात्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. चौथ्या दिवशी मी स्वतः गेले. म्हणाल्या, "भाजी चांगलीच असते गं. समोर कोण नसलं की घास उतरत नाही." तेव्हापासून हे पत्रक काढायचं मनात होतं.

सोबत हवी असेल तर चालत जाता येईल अशी एकच जागा धरा. ठरलेला वार, ठरलेली वेळ. पहिल्या दोन-तीन खेपांना कुणी फारसं बोलणार नाही, तरी जात राहा. तोंडओळख झाली की मग एखाद्या दिवशी चुकलात तर कुणीतरी विचारतं, "काल दिसला नाहीत?" तिथून पुढं ओळख आपोआप वाढते.

जागा आपल्याकडे कमी नाहीत. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. तिथं पेपर वाचायला बसलं तरी चार माणसं भेटतात. टिळकवाडीकरांना सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाता येईल. देवळातल्या हरिपाठाला किंवा भजनाला आवाज चांगला लागत नाही, टाळ धरला तरी पुरे. आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, ती चुकवू नका. नुसतं ऐकायला जाऊ नका, आधी कळवून काम मागा. खुर्च्या मांडताना, पंगतीला वाढताना ज्या ओळखी होतात त्या शेजारी बसून भाषण ऐकताना होत नाहीत, हे मी बघितलं आहे. बायकांना तर कर्नाटकाच्या साध्या बसला ११ जून २०२३ पासून तिकीट नाही. राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. कोल्हापूरला जाताना मात्र पैसे पडतात.

शेजारी कानडी बोलणारे असले म्हणून दार लावून बसू नका. "ऊट आतेनरी?" म्हणजे "जेवण झालं का?", एवढं विचारलं तरी पुढचं बोलणं मोडक्यातोडक्या मराठी-कानडीत होतंच. घराची जादा किल्ली ठेवायला शेजाऱ्यासारखं माणूस नाही. आमचे एक काका न्हाणीघरात घसरून पडले होते. कालचा डबा दाराला तसाच लटकत होता म्हणून आमच्या पोरानं हाका मारल्या. समोरच्या काकूंकडे किल्ली होती, त्यामुळं दार फोडावं लागलं नाही.

त्यानंतर आम्ही एक पद्धत घातली आहे. एकट्या माणसाचा डबा दाराला अडकवायचा नाही, हातात द्यायचा. कुणी दार उघडलं नाही तर आधी तुम्हाला फोन, मग तुम्ही दिलेल्या दुसऱ्या नंबरावर. याचे वेगळे पैसे नाहीत. पोराला पुढचे डबे वेळेत पोचवायचे असतात, त्यामुळं तो फार थांबू शकत नाही, पण दोन शब्द बोलल्याशिवाय जाणार नाही. शिवाय दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या पडवीत पंगत बसते. त्या दिवशी डबा घरी न मागवता इथंच जेवायला या.

नव्या ओळखीत पहिल्या भेटी देवळात, वाचनालयात, चारचौघांत ठेवा. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. चार दिवसांच्या ओळखीवर कुणी उसने पैसे मागितले तर आधी मुलांना किंवा आम्हाला सांगा.

मन फारच खचलं असेल, रात्र सरत नसेल, तर टेली-मानस, १४४१६, हा फोन चोवीस तास चालू असतो. साठीच्या पुढच्यांसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. दोन्ही मोफत आहेत.

या पत्रकामागं कोरी जागा सोडली आहे. तिथं किल्ली कुणाकडे आहे, दुसरा फोन नंबर कुणाचा आणि रविवारच्या पंगतीला येणार का, एवढं लिहून कागद रिकाम्या डब्यात घाला. लिहायला जमत नसेल तर पोराला सांगा, तो लिहून घेईल.