जॅमर असला की ड्रोन पडतो? नाही हो

अलिबागचा हिराकोट, म्हणजे किल्ल्यातलंच जेल, तिथून जाताना कोणीतरी हमखास सांगतो की जेलला जॅमर असतो, ड्रोन आला की धपकन खाली. वर्षानुवर्षं फिरतंय हे आणि साफ चुकीचं आहे.

मोबाईल जॅमर मोबाईलचे बँड अडवायला असतो, ड्रोनचा रिमोट बहुतेक वेळा २.४ नाहीतर ५.८ गिगाहर्ट्झवर चालतो. आणि रिमोटचा सिग्नल तुटला तरी बरेच ड्रोन पडत नाहीत, जागेवर तरंगतात किंवा जीपीएसने उडाले तिथे परत जातात, आधीच रूट फीड केला असेल तर रिमोट लागतच नाही. आता ड्रोनने जेलात चोरून माल कसा सोडतात बघा, आपण गरीला बांधतो तसल्या तंगुसाला पुडी लटकवायची, ड्रोन वरच आणि पुडी खिडकीशी, रात्री तंगूस दिसणार कोणाला?

म्हणून खिडक्यांना बारीक जाळी, अंगणावर जाळी, सिग्नल पकडणारं यंत्र आणि जागा पहारेकरी, हेच खरे उपाय. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर जानेवारी २०२४ पासून बंदिस्त (म्हणजे खुली कारागृहं सोडून) जेलांभोवती ४०० मीटरपर्यंत ड्रोनला बंदीच आहे. फक्त आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडी जाळी पटकन गंजते, दर पावसाळ्यानंतर ती हाताने ओढून बघायलाच हवी.