स्टार्टरच्या पेटीला हात लावण्याआधी
शेतीपंप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

जळालेली मोटर आमच्या दुकानात येते तेव्हा घाई असते. पिकाला पाण्याची पाळी असते, उद्याच भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) हवी असते. मोटर आम्ही भरून देतो. पण अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी तार कुठे जोडली आहे असे विचारले, की बहुतेक जण म्हणतात, "असेल तिथेच कुठेतरी." आम्हाला काळजी वाटते ती या उत्तराची.

मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरची विहिरीवरची लोखंडी पेटी वर्षभर ऊन-पाऊस खाते. केबल आत जाते त्या भोकाची कड धारदार असते, तिथे इन्सुलेशन घासते. उंदीर वायर कुरतडतात, पावसाळ्यात आत ओल धरते. एखादा फेज, म्हणजे तीन जिवंत तारांपैकी एक, पत्र्याला टेकला की सबंध पेटीत करंट उतरतो. दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात, फेज आणि जमिनीत साधारण 240. पाणी भरताना आपण अनवाणी, चिखलात उभे असतो आणि हात ओले असतात. अशा वेळी पेटीचे दार उघडायला कडी पकडली, तर बोटे आवळली जातात आणि माणसाला हात सोडवता येत नाही.

"फ्यूज आहे ना, उडेल की." हे आम्ही रोज ऐकतो, म्हणून हिशेबच मांडतो. 5 एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर ओढते, आणि फ्यूज त्याहून जास्त क्षमतेचा असतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळून त्याचा रोध 50 ओहम झाला, तर पेटीतून जमिनीत जाणारा करंट पाच अँपिअरही होत नाही. फ्यूज उडत नाही, ओव्हरलोड (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) पडत नाही, मोटर आरामात चालते आणि पेटी जिवंत राहते. माणसाचा जीव जायला मात्र अँपिअरचा छोटासा अंश पुरतो. फ्यूज वायर आणि मोटर वाचवतो, तुम्हाला नाही.

माणसाला वाचवणारे उपकरण म्हणजे ईएलसीबी, हल्ली आरसीसीबी म्हणून मिळते ते. 30 मिलिअँपिअरचे घ्या. मोटर ओढते त्याच्या अडीचशेव्या भागाएवढा करंट जमिनीत गळाला तरी ते पापणी लवेपर्यंत लाइन तोडते. शेतावर न्यूट्रल नसेल तर काहींचे टेस्ट बटण चालत नाही, म्हणून बसवणाऱ्याला समोर दाबून दाखवायला सांगा. पुढे महिन्यातून एकदा स्वतः दाबा. "सारखी पडते" म्हणून ती बायपास करू नका. सारखी पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुधा पाण्यातल्या केबलच्या जॉइंटमध्ये. मोटर केबलला धरून ओढून काढली की हेच जॉइंट सैल होतात. मोटर नेहमी दोरानेच काढा.

अर्थिंग तरीही हवेच. मोटरच्या बॉडीला दोन वेगळ्या तारा, पेटीला स्वतंत्र जोडणी, आणि खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी. रात्री उजेडासाठी एक फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडा. अर्थिंगची तार खड्ड्यापाशी तुटली, तर त्याच बल्बमधून करंट येऊन पेटी आणि मोटर दोन्ही जिवंत होतात.

आता सर्वांत फसवी गोष्ट. मोटर थांबली म्हणजे लाइट गेली, असे नाही. एक फेज गेला तरी स्टार्टर पडतो, पण उरलेले दोन फेज पेटीत तसेच असतात. शिवाय रात्रपाळीच्या लाइटसाठी तुम्ही ऑटो लावलेला असतो. लाइट येताच मोटर आपोआप सुरू होते, मग कोणी विहिरीत उतरलेले असो वा कोणाचा हात स्टार्टरमध्ये असो. म्हणून आधी ऑटो बंद, मग मेन स्विच खाली, किटकॅट (फ्यूज बसवलेले कप) काढून खिशात, आणि त्यानंतर टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज तपासून मगच हात घाला. एप्रिल-मे महिन्यांत पोरे विहिरीत पोहतात. सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली मोटर) असलेल्या विहिरीत मेन खाली केल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका.

डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चढून स्वतः डीओ (तिथला वरचा फ्यूज) टाकू नका. तिथे 11,000 व्होल्ट असतात, सुकी काठीही भरवशाची नाही. वायरमनला बोलवा किंवा 1912 वर कळवा. पोलच्या ताणाला (पोल ताणून धरणाऱ्या तारेला) बैल बांधू नका. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे जमिनीत उतरलेला करंट त्याला माणसापेक्षा जास्त बाधतो. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइन सोडू नका. त्याने माणसे मरतात आणि गुन्हाही दाखल होतो. बॅटरीवरचे झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन सोडते, तेच वापरा.

कोणी चिकटले तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा. मेन दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून सुक्या लाकडाने वायर बाजूला करा. श्वास नसेल तर मातीत पुरणे, तळवे चोळणे यात वेळ घालवू नका. एकाने 108 ला फोन करावा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहावे, गाडी येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

पुढच्या वेळी मोटर आणाल तेव्हा स्टार्टरही सोबत आणा. मोटर परत देताना आम्ही मेगर (गळती तपासायचे यंत्र) लावून बॉडीला गळती नाही हे तुमच्यासमोर दाखवतो, स्टार्टरचेही तसेच करू. पेटीच्या भोकाला रबरी ग्लँड (केबल कडेला घासू न देणारी कडी) बसवायला दहा मिनिटे लागतात.