हायपरफोकल अंतर

छायाचित्रणातील एक संकल्पना. भिंग ज्या अंतरावर फोकस केले असता क्षितिजापर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट उमटते, असे सर्वांत जवळचे अंतर म्हणजे हायपरफोकल अंतर. फोकस तेथे लावला की या अंतराच्या निम्म्यापासून अनंतापर्यंतचा पट्टा स्पष्टतेच्या हद्दीत येतो. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून निसर्गचित्रे टिपणाऱ्यांना ते पहिल्यांदा शिकवले जाते, बहुधा तक्त्याच्या रूपात. त्यामुळे तो भिंगाचा अंगभूत गुण असावा असा समज होतो. प्रत्यक्षात सगळा भार व्याख्येतल्या ‘पुरेसे’ या शब्दावर आहे.

फोकसमध्ये नसलेला बिंदू फिल्मवर किंवा सेन्सरवर बिंदू म्हणून न उमटता लहानशा चकतीच्या रूपात पसरतो. तिला ‘सर्कल ऑफ कन्फ्युजन’ म्हणतात. डोळ्याला ती बिंदूच वाटते तोवर चित्र स्पष्ट मानायचे, असा हा व्यवहार आहे. नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) वर्गाला एफ-अंक (नाभीय अंतर भागिले भिंगाच्या छिद्राचा व्यास) आणि चकतीचा मान्य व्यास यांच्या गुणाकाराने भागायचे आणि त्यात नाभीय अंतर मिळवायचे, हे सूत्र. ५० मिमी भिंग, एफ/८ आणि ०.०३ मिमीची चकती धरल्यास उत्तर सुमारे १०.५ मी. येते. २४ मिमी भिंगाला त्याच एफ-अंकावर ते जेमतेम २.४ मी. भरते.

०.०३ मिमी हा आकडा ३५ मिमी फिल्मच्या चौकटीसाठी रूढ झाला. सुमारे ८ × १० इंची प्रिंट हातभर अंतरावरून पाहिली, तर साधारण ०.२ मिमीपेक्षा लहान चकती डोळ्याला वेगळी कळत नाही, आणि एवढ्या प्रिंटसाठी ती चौकट आठ-साडेआठ पट मोठी करावी लागते. भागाकाराचे उत्तर ०.०२५च्या आसपास येते. मग ते सोयीने वर ढकलले गेले असावे.

संकल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. टॉमस सटन व जॉर्ज डॉसन यांच्या १८६७ च्या छायाचित्रण-कोशात ‘फोकल रेंज’ अशी नोंद आहे. तीत सहा इंची भिंगाला पाव इंचाचे छिद्र लावले की २० फुटांपासून अनंतापर्यंतच्या वस्तू सारख्याच चांगल्या फोकसमध्ये येतात, असे उदाहरण दिले आहे. चकतीचा व्यास त्यांनी दिलेला नाही. आकड्यांवरून उलट हिशेब केला तर तो सुमारे ०.१६ मिमी निघतो, म्हणजे आजच्या मापाच्या पाचपट. यावरून सटन यांना ढिसाळ ठरवण्याचे कारण नाही. त्या काळी काचेच्या प्लेटवरून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढत, मोठी करण्याचा प्रश्न फारसा येत नसे, आणि ०.१६ मिमी डोळ्याच्या मर्यादेत बसते. विल्यम ॲबनी यांनी १८८१ मध्ये ०.०२५ सेंमी, म्हणजे पाव मिलिमीटरची चकती उघडपणे गृहीत धरून सूत्र दिले. ‘हायपरफोकल’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळला असावा. सूत्राची सिद्धता लुई डेर यांच्या १९०६ च्या पाठ्यपुस्तकात मिळते व ती बहुधा सर्वांत जुनी आहे. श्रेय एकाच नावावर टाकण्यापेक्षा कल्पना सटन-डॉसन यांची व गणित नंतरच्यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उगमाच्या या वादात एक बारीक मुद्दा दडला आहे. सटन-डॉसन यांच्या व्याख्येत भिंग अनंतावर फोकस केलेले असते आणि जवळची स्पष्ट वस्तू कुठे सुरू होते ते मोजायचे असते. वर दिलेल्या आजच्या व्याख्येत फोकस खुद्द हायपरफोकल अंतरावर असतो. दोन्ही उत्तरांत फरक फक्त एका नाभीय अंतराचा, ५० मिमी भिंगाला पाच सेंमीचा. फोकसची कडी इतकी नेमकी फिरतच नाही. त्यामुळे बहुतेक लेखक हा फरक सोडून देतात. आकड्यापुरते ते बरोबर आहे. चित्रात मात्र फरक दिसतो : पहिल्या पद्धतीत क्षितिज अगदी रेखीव येते, दुसऱ्या पद्धतीत ते चालवून घेण्यापुरते.

डिजिटल कॅमेऱ्याने हा फरक उघडा पाडला. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमीचा असतो, म्हणजे ०.०३ मिमीची चकती पाच पिक्सेल व्यापते. तक्त्याबरहुकूम काढलेला फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर असा, पाहिला की दूरचा डोंगर मऊ दिसतो आणि शिकाऊ माणूस भिंगाला दोष देतो. हॅरॉल्ड मर्कलिंगर यांनी १९९० मधील पुस्तकात वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते विषय दूरचा असेल तर फोकस सरळ अनंतावर न्यावा. अशा वेळी कोणत्याही अंतरावरची जी वस्तू भिंगाच्या छिद्रापेक्षा मोठी आहे ती ओळखू येते. २४ मिमी भिंगाचे एफ/८ला छिद्र ३ मिमीचे असते. कास पठारावर जमिनीलगत कॅमेरा ठेवून असा फोटो काढला, तर समोरचे नखाएवढे सीतेच्या आसवाचे फूल फूल म्हणून कळेल, पण पाकळीवरच्या शिरा जातील. मागची डोंगररांग मात्र धारदार येईल. शिराही हव्या असतील तर वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडणे, म्हणजे फोकस स्टॅकिंग, हाच मार्ग. वारा असेल तर तोही नाही. निसर्गचित्रापुरते मर्कलिंगर यांचे म्हणणे तक्त्यांपेक्षा अनुभवाशी अधिक जुळते.

छिद्र लहान करत गेल्यास हायपरफोकल अंतर जवळ येते खरे, पण प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे छिद्राच्या कडेपाशी प्रकाश वळून पसरणे, वाढते. हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनाची चकती एफ/८ला सुमारे ०.०११ मिमी, एफ/१६ला ०.०२१ मिमी आणि एफ/२२ला जवळजवळ ०.०३ मिमी होते. शेवटच्या टप्प्यावर फोकस बिनचूक असला तरी मान्य मर्यादा विवर्तनच गाठते. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी स्थापलेल्या मंडळाने ‘एफ/६४’ हे नाव घेतले, ते याला छेद देत नाही. ८ × १० इंची निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढल्यास एफ/६४ची ०.०८६ मिमीची चकती डोळ्याला खुपत नाही.

जुन्या मॅन्युअल भिंगांवर एफ-अंकांच्या जोडरेषा कोरलेल्या असत. अनंताची खूण चालू एफ-अंकाच्या रेषेवर आणली की काम झाले. डिजिटलवर दोन स्टॉप (एफ-अंकांच्या ठरीव पायऱ्या) कडक राहावे, म्हणजे छिद्र एफ/११ ठेवून रेषा ५.६ची धरावी, हा जाणकारांचा प्रघात. त्याने चकतीचा व्यास निम्मा होतो. अनेक नव्या ऑटोफोकस भिंगांवर या रेषाच नाहीत आणि कडी अनंताच्या पुढेही फिरते. तेथे लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात, चित्र मोठे करून फोकस लावावा लागतो.

हात हलल्याने येणारी अस्पष्टता वेगळी, तिचा या गणिताशी संबंध नाही (पहा : शटर).

फोकसची कडीच नसलेल्या बॉक्स कॅमेऱ्यांत कारखान्यातच असे एखादे अंतर कायमचे बसवून दिलेले असे. भारतात घरोघरी पोचलेला अग्फा क्लिक थ्री याच जातीचा. त्या काळच्या अल्बमांत मांडीवरचे बाळ धूसर आणि मागचे तुळशीवृंदावन लख्ख, असे फोटो सापडतात ते यामुळेच.